उंदरानं खाल्लेलं नाव

कापसाच्या गाड्या गावात शिरू लागल्या की लोकांना काय काय आठवतं. कुणाला शेकोटी आठवते, कुणाला हुरडा, कुणाला लग्नाआधी मुद्दाम चुकवलेली एसटी. मला टाकळकर सर आठवतात. आठवले की माझ्या दाढा आपोआप एकमेकींवर घट्ट बसतात आणि कानशिलं गरम होतात. थंडीच्या दिवसांत त्याचा एक फायदाही असतो, स्वेटर लागत नाही.

आज सकाळी दारावरून कापसाचा टेम्पो गेला. विजेच्या तारांना, बाभळीला, शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या धोतराला पुंजके अडकवत गेला. त्यातला एक पुंजका तरंगत तरंगत आला आणि नेमका माझ्या चहात उतरला. मी त्याच्याकडं बघत बसलो.

“झालं का सुरू?” आतून सुनंदा म्हणाली. सुनंदा म्हणजे माझी बायको, माहेर पालम. तिला भिंतीपलीकडून माझ्या दाढांचा आवाज ऐकू येतो. “अहो, चहा प्या न्हाई तर ओतून द्या. टाकळकराला कशाला बुडवायलात त्यात?”

चांगल्या माणसानं जुन्या गोष्टी विसराव्यात म्हणतात. मी चांगला माणूस असल्याचा दावा कधी केलेला नाही. माझ्या सुडाला मी पोटच्या पोरासारखं वाढवलंय. त्याला वेळेवर खाऊपिऊ घातलं, दरसाल कापसात नवे कपडे केले. आता तो माझ्यापेक्षा उंच झालाय.

हल्ली काय कापूस उडतो! उडायचा तो तेव्हा. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. परभणीत ह्या दिवसांत असा कापूस उडायचा की गल्लीतली कुत्री मेंढरं वाटायची. एकदा एका धनगरानं त्यातली दोन आपली समजून हाकत नेली. संध्याकाळी भुंकायला लागली तेव्हा बिचारा परत आणून सोडून गेला. एसटीचे ड्रायव्हर ऐन उन्हात वायपर चालू ठेवून गाडी स्टँडात घालायचे. मी जिथं खोली घेऊन राहायचो त्या मालकीणबाईंनी एका हंगामात नुसतं अंगण झाडून दोन उशा भरल्या. त्यातली एक मी स्वतः डोक्याखाली घेतलीय, तेव्हा याला कुणी थाप म्हणू नये.

त्याच गल्लीत, जिनिंग मिलच्या समोर, एका माडीवर टाकळकर सरांचा क्लास होता. बाहेरच्या खोलीत टाइपरायटर, आतल्या खोलीत कॉम्प्युटर. बाहेर सुनंदा शिकवायची, आत मी. मी पेडगावचा, बी.एस्सी. झालेला आणि औरंगाबादहून कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेला. सर काय शिकवायचे? सर क्लास चालवायचे. आतल्या खोलीत चपला बंद, बोलणं हळू, आणि मशीनसाठी एसी. दिवाळीनंतरच्या गारठ्यातही तो एसी घुमत राहायचा. आम्ही कानटोप्या घालून, मफलर गुंडाळून शिकवायचो आणि मशीनला घाम तर आला नाही ना, ते बघायचो.

त्या हंगामात सरांनी मुंबईहून माऊस आणला. जिल्ह्यातला पहिला, असं सर सांगायचे. एवढ्या एका बाबतीत मी त्यांच्या बाजूनं आहे, कारण तो पहिला असला तर माझी गोष्टही मोठी होते. खोक्यातून निघाला तेव्हा सगळे भोवती गोळा. पांढरट अंग, दोन बटणं, लांब शेपटी, पोटात रबराची गोळी. सरांनी हळदकुंकू मागवलं. “गणपतीचं वाहन हाय, पाय लागू देऊ नका कुणी.”

“सर,” सुनंदा म्हणाली, “कापसाच्या गल्लीत उंदीर आणलाव. आता समदा कापूस खाईल की हो.”

झालं उलटं. कापूसच उंदराला खायला लागला. गोळीबरोबर तंतू आत जायचे, आतल्या बारीक रुळांना गुंडाळायचे, आणि पडद्यावरचा बाण लंगडा व्हायचा. उजवीकडं जायचा पण वर चढायचा नाही, अडलेल्या बैलासारखा. मग मी सुनंदाकडून केसातला आकडा मागून आणायचो, गोळी काढायचो आणि रुळावरचा कापूस ओढायचो. देवापुढं लावावी अशी वात निघायची. आमचं लग्न त्या आकड्यावरच जमलं. बाकी जे काही पत्रिका बघून जमवल्याचं नातेवाईक सांगतात ते सांगू द्या.

तर माऊस आला, पण त्यानं करायचं काय? मशीनबरोबर चित्र काढायची काही सोय आली नव्हती. बाण पडद्यावर नुसता हिंडायचा, गाडी चुकलेला माणूस फलाटावर हिंडतो तसा. सर एक दिवस माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “प्रभाकर, यानं चित्र काढता आलं पायजे. पाटीवर पेन्सिल फिरती ना, तसं. आपण करू असा प्रोग्राम.”

आपण, म्हणाले. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला एकाच गोधडीत घेणारा शब्द. मी बिनघोर त्या गोधडीत शिरलो.

प्रोग्राम लिहायला बसलो. वरवर काम सोपं. मशीननं उंदराला सारखं विचारत राहायचं, बाबा, आता कुठं आहेस? तो जागा सांगतो, त्या जागी ठिपका टाकायचा. हात सावकाश नेला तर ठिपक्याला ठिपका चिकटतो आणि रेघ होते. पण मनासारखी रेघ माणूस सावकाश ओढतो का? झर्रकन हात फिरवला की मशीनची विचारपूस मागं पडायची, आणि रेघेच्या जागी लांब लांब पडलेले चार ठिपके. ते बघितलं आणि मी ओळखलं. आमच्या पेडगावच्या रानात हे लहानपणापासून बघत आलो होतो. पेरताना तिफणीचे बैल उधळले की ज्वारी अशीच उगवते, एक ताट इथं, दुसरं पार त्या बांधाला.

मग ठिपक्याला ठिपका सरळ रेघेनं जोडला. भोकं बुजली, पण गोल काढायला जावं तर मोडक्या खापरासारखं काहीतरी निघायचं, नुसते कोन. बरेच दिवस त्या कोनांनी मला छळलं. मी जेवताना भाकरीच्या कडेकडं बघत बसायचो, इतकी कशी गोल झाली म्हणून. शेवटी परत बैलच मदतीला आले. बैल बांधाशी येऊन काटकोनात कधी वळतो का? तो अलीकडूनच वळायला लागतो आणि पलीकडं जाऊन सरळ होतो. कोपरा तसाच राहतो, न नांगरलेला. मीही ठरवलं, ठिपक्यापर्यंत जायचंच नाही. दोन ठिपक्यांच्या मध्यापासून वळण सुरू करायचं, पुढच्या दोन ठिपक्यांच्या मध्यावर संपवायचं. मधला ठिपका नुसता खुंटीसारखा उभा राहू दे, त्याच्याकडं बघून वळायचं.

लिहिलं, चालवलं, हात फिरवला. काळ्या पडद्यावर चहाच्या रंगाची रेघ वळली. कोन नाही, भोक नाही, तुटणं नाही. गरम भातावर तूप उतरावं तशी. त्या रेघेवर मुंगी चालली असती तर घसरून टेबलाखाली पडली असती.

“सुनंदाबाई!” मी ओरडलो.

ती धावत आली. “काय झालं? करंट बसला का?”

“हात ठेवा यावर. काढा काहीतरी.”

तिनं पदर खोचला, उंदीर धरला आणि एका दमात ‘श्री’ काढला. श्रीचं ते वरचं वळण, ती खालची गाठ, ती वेलांटी, कुठं म्हणून अडखळ नाही. ती पडद्याकडं बघत राहिली. “आता गं बया,” एवढंच म्हणाली. ह्या बाईनं त्याआधी आणि त्यानंतर माझं असं कौतुक केलेलं नाही.

एक खोड राहिली होती, ती नीट ऐका. पडद्यावरचा बाण हा वाटसरू. जिथं उभा राहील तिथली जमीन तो उचलून आपल्या गाठोड्यात ठेवतो, आणि निघताना जशीच्या तशी परत अंथरतो. पण तो उभा असतानाच त्याच्या पायाखालून तुम्ही रेघ ओढलीत, तर त्याला काय माहीत? तो जाताना गाठोड्यातली जुनी, कोरी जमीन अंथरून जातो, आणि रेघेला बाणाएवढं भोक पडतं. माझ्या तुपासारख्या रेघा जागोजाग कुरतडलेल्या दिसायच्या. “उंदीर तो उंदीरच,” सुनंदा म्हणाली. उपाय साधा होता. आधी बाण लपवायचा, मग रेघ ओढायची, मग बाण दाखवायचा. लपव, ओढ, दाखव. मालकीणबाई म्हणायच्या, मी झोपेतसुद्धा हेच बडबडायचो. त्यांना वाटायचं मी चोरीबिरी करतो की काय.

प्रोग्राम झाला. पडद्याच्या तळाशी मी माझं नाव घातलं. मशीनला देवनागरी येत नव्हती, म्हणून माऊसनं काढलं: प्रभाकर. ‘प्र’चा पाय जरा लांब गेला, तो तसाच राहू दिला.

नाव ही काय चीज असते हे त्या वर्षांत मराठवाड्यात कुणाला शिकवावं लागत नव्हतं. विद्यापीठाच्या नावावरून घरं जळाली होती, माणसं गेली होती, आणि ज्यांची गेली त्यांनी मागणी सोडली नव्हती. त्यांच्या दुःखाच्या शेजारी माझं दुखणं मांडायची माझी लायकी नाही, एवढी समज मला आहे. पण जिथं नाव असायला हवं तिथं ते लिहिताना वरच्या माणसाचा हात का आखडतो, हे कळण्याइतका मी त्या हवेत वाढलो होतो.

सर आले, खुर्चीत बसले, रेघ ओढली. “वाह! लय भारी! बिल्कुल मख्खन!” मग नजर खाली गेली. “हे काय?”

“माझं नाव, सर.”

“आरं, प्रभाकर कोण, हे कुणाला ठाऊक हाय? दुकानाच्या पाटीवर मालकाचं नाव असतंय का गड्याचं? काढ ते. तिथं टाकळकर टाक. मोठं टाक.”

दुसऱ्या दिवशी ते बाहेरच्या खोलीत कुण्या पाहुण्याला सांगत होते, “आम्ही एक प्रोग्राम केलाय.” मी तेव्हा त्याच पाहुण्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा. मराठीनं ह्यासाठी दोन वेगळे शब्द ठेवलेत. ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा आत, ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा उंबऱ्याबाहेर. माझ्या अंगावरची गोधडी ओढली गेली ती अशी, दिवसाढवळ्या, पाहुण्यासमोर.

आणि मी तर आईला सांगून बसलो होतो. सरांनी हॉल घेतला होता, माऊसचं जाहीर प्रात्यक्षिक होणार होतं, शिक्षण खात्यातले मोठे साहेब येणार होते. पडद्यावर तुझ्या लेकाचं नाव येईल, असं मी तिला पेडगावला जाऊन सांगितलं होतं. आई शाळेत गेली नव्हती. पण माझ्या बारशाच्या भांड्यांवर माझं नाव कोरलेलं होतं, आणि ते तिला बोटानं कळायचं. अंधाऱ्या माजघरात फडताळात हात घालून ती सांगायची, ह्यो तांब्या प्रभाकरचा.

मग मी सरांशी भांडलो का? छे. भांडण हे सरळ माणसाचं काम. मी “बरं सर” म्हणालो. इतक्या गोडीनं म्हणालो की पलीकडचा टाइपरायटर थांबला.

“काय करायलात तुमी?” सुनंदा दारात.

“सरांचं नाव टाकायलोय.”

“खोटं. तुमचे कान हलायलेत.”

नाव टाकलं. मोठं टाकलं. फक्त पडद्याच्या तेवढ्या एका पट्टीत बाण लपवायचा मंत्र काढून घेतला. आणि बाणाच्या गाठोड्यात कोऱ्या जमिनीऐवजी माझं नाव असलेली जमीन भरून ठेवली. म्हणजे वरच्या साऱ्या पडद्यावर रेघ तुपासारखी चालणार. पण बाण सरांच्या नावावरून गेला रे गेला, की जाईल तेवढं नाव कुरतडणार आणि त्या भोकातून खालचा प्रभाकर डोकं वर काढणार. उंदीर म्हणून हळदकुंकू लावलंय ना? मग उंदरासारखा वागू दे त्याला.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी हॉल असा भरला होता की माणसं श्वास आळीपाळीनं घेत होती. टेबलावर टेबल रचून पडदा उंच ठेवला होता. पहिल्या रांगेत सुनंदा आणि तिच्या शेजारी आई. मला सरांनी मागच्या दाराशी जनरेटरजवळ उभं केलं होतं. “लाईटचा भरोसा न्हाई, तू तिथंच थांब. स्टेजवर येऊ नको.” मी दाराच्या फटीतून बघत होतो.

साहेबांनी उंदीर धरला आणि कापसाचं बोंड काढायला घेतलं. पहिली पाकळी वळली आणि अख्ख्या हॉलनं सुस्कारा सोडला. “अहो, हे तर लोण्यातून सुरी चालावी तसं चालतंय!” साहेब म्हणाले.

“आम्ही फार मेहनत घेतली,” सर म्हणाले.

जनरेटर डिझेल खात होता, मी दातओठ खात होतो. दोघांचा आवाज सारखाच.

बोंड झालं. साहेब देठ काढायला खाली आले, खाली आले, आणखी खाली आले, आणि बाण सरांच्या नावावरून गेला. ‘टा’ गेला. कळकर राहिले. साहेबांनी दचकून हात मागं घेतला तशी ‘ळ’ला भोक पडलं. मागच्या रांगेतून हसू फुटलं. साहेबांनाही चेव आला. देठ राहिला बाजूला, ते उंदीर घेऊन नावच घासायला लागले, तव्यावरचं करपट घासावं तसं. टाकळकर कुरतडले जात होते आणि खालून वर येत होता ‘प्र’चा लांब पाय, ‘भा’ची गाठ.

पहिल्या रांगेत आई उठून उभी राहिली. “आगं, प्रभाकर हाय ते! माज्या लेकराचं नाव हाय!”

तेव्हाचा सरांचा चेहरा! कापसाची आख्खी गाडी अंगावर ओतल्यासारखा पांढराफटक. तो चेहरा मी जपून ठेवलाय. वर्षातून एकदा बाहेर काढतो, झटकतो, ऊन दाखवतो, परत घडी घालून ठेवतो.

आणि इथं माझी गोष्ट संपायला हवी होती. कुठल्याही सरळ जिल्ह्यात ती संपली असती. पण सरांनी माईक उचलला.

“आणि ही साहेब, आमची खास गंमत!” सर म्हणाले. आवाजात काडीचा थरथराट नाही. “माऊस म्हणजे उंदीर, अन् उंदीर कुरतडणारच! पोरांच्या ध्यानात राहावं म्हणून आम्ही मुद्दाम ठेवलंय. अन् ज्या पोरानं आम्हाला टायपिंगला मदत केली त्याचं नाव खाली ठेवलंय. मोठ्यानं आपलं नाव पुसून लहानाचं वर आणावं, हीच आमची शिकवण!”

टाळ्या अशा पडल्या की हॉलच्या वळचणीतली कबुतरं उडून थेट स्टेशनावर जाऊन बसली. साहेबांनी सरांना मिठी मारली. कार्यक्रम संपल्यावर आई गर्दीतून वाट काढत स्टेजपाशी गेली आणि पदरात बांधून आणलेल्या भुईमुगाच्या शेंगा तिनं सरांच्या ओंजळीत घातल्या. मुळात त्या माझ्यासाठी आणलेल्या. “सर, देवमाणूस हाव तुमी. सोताचं नाव मिटवून माज्या पोराचं दावलंत.”

“त्यात काय, आई,” सर म्हणाले, आणि एक शेंग तिथंच फोडली.

बैल चोरीला गेलेले मी ऐकलेत, मोटारी ऐकल्यात, एका गावची तर विहिरीवरची आख्खी मोट रात्रीतून गेल्याचं ऐकलंय. पण दुसऱ्याचा सूड चोरून त्यावर स्वतःचा मोठेपणा उभा करणारा चोर ह्या जिल्ह्यानं एकच पाहिला. आई पुढं जितकी वर्षं जगली तितकी वर्षं मी गावी गेलो की आधी विचारायची, “सर बरे हायेत नव्हं?” मी म्हणायचो, बरे आहेत. तिला खरं सांगितलं असतं तर पडद्यावर बघितलेलं नाव तिच्या हातून काढून घेतल्यासारखं झालं असतं. म्हणजे सरांनी माझं तोंडही बांधून ठेवलं होतं, आणि तेही माझ्याच आईच्या पदरानं.

मी क्लास सोडला. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला लग्नपत्रिका छापायचं दुकान टाकलं आणि वाट बघत बसलो. मला माहीत होतं, स्वतःचं म्हणून मिरवलेलं एक दिवस स्वतःलाच निस्तरावं लागतं. पुढच्याच कापसात सर माझ्या दुकानाची पायरी चढले. खांद्यावर पुंजके.

“प्रभाकरराव,” सर म्हणाले. राव लागलं होतं. “सोनपेठच्या शाळेला आपला प्रोग्राम दिला. खाली हेडमास्तरांचं नाव घातलं. आता त्यांच्या नावावरनं उंदीर गेला की तुमचं नाव यायलंय. पोरं त्यांना प्रभाकर, प्रभाकर म्हणून चिडवायलेत. लय तापलेत ते.”

आपला, म्हणाले! गोधडी परत अंथरली होती.

“मग काढून टाका की, सर.”

“तेच म्हणतो. तेवढं काढून द्या.”

“मी कसं काढणार? ते तर तुमी मुद्दाम ठेवलंय ना. पोरांच्या ध्यानात राहावं म्हणून.”

सर खुर्चीत बसले. चहा मागवला नव्हता तरी कपाची वाट बघावी तसे टेबलाकडं बघत राहिले. “मजाक बस झाला. काय पायजे तुला?”

“काही नको. सोनपेठला जाऊ. हेडमास्तरांसमोर एकदा म्हणा, हे प्रभाकरनं केलंय. तिथंच बसून काढून देतो.”

माझी तेवढीच मागणी होती. एक वाक्य, एका माणसासमोर. सरांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. मी खोटं सांगत नाही, मला त्यांच्या घशात ते वाक्य वर येताना दिसलं, आणि अडकून परत खाली जाताना दिसलं.

“न्हाई जमणार,” सर म्हणाले.

“मग उंदीर पाळा.”

ते गेले. सोनपेठहून प्रोग्राम परत आला, मग दुसऱ्या शाळांनीही तोंड फिरवलं. पुढं रंगीत पडदे आले, आणि चित्र काढायची सोय मशीनबरोबरच यायला लागली. माझी ती रेघ दुकानातल्या एका खोक्यात, फ्लॉपीवर बुरशी धरून मेली. सुनंदा म्हणते, “तुमच्या सुडापायी तुमचीच रेघ गेली.” गेली. पण टाकळकरच्या नावानं लोणी होऊन जगण्यापेक्षा माझ्या नावानं बुरशी झाली, हे मला परवडतं.

सर मागच्या महिन्यात वारले. परवा त्याच हॉलमध्ये शोकसभा झाली. स्टेजवर मोठा फोटो, फोटोखाली लिहिलेलं: जिल्ह्यात संगणकावर पहिली रेघ ओढणारे. मी ते वाचलं आणि सुनंदानं माझं मनगट धरलं.

“गप बसायचं असंल तरच थांबू.”

“गप्पच बसणार आहे.”

पण सूत्रसंचालकानं नाव पुकारलं. सरांचे जुने सहकारी, दोन शब्द बोलतील. मी स्टेजवर चढलो तो सगळं सांगायचंच ठरवून. आई आता नव्हती, तोंड बांधणारा पदर उरला नव्हता. समोर पहिल्या रांगेत सरांच्या पत्नी बसल्या होत्या. मी तोंड उघडलं, आणि ऐन वेळेला मला माझ्या भाषेची एक सोय सापडली. मराठीत काम सांगता येतं, करणारा सांगावा लागत नाही. ‘रेघ ओढली’ म्हटलं की वाक्य पुरं. कुणी ओढली, हे वाक्य विचारत नाही. ऐकणाराही विचारत नाही, तो आपल्या मनातलं नाव घालून घेतो.

मग काय! “ह्याच गावात, उडत्या कापसात, कानटोपी घालून तो प्रोग्राम लिहिला,” मी म्हणालो. “ठिपके उधळल्या बैलांसारखे पळत होते, त्यांना दाव्याला बांधलं. रेघेला वळायला शिकवलं. ज्या डोक्यातून हे निघालं ते डोकं सोन्याचं होतं! असं डोकं परभणीला शंभर वर्षांत मिळायचं नाही! आणि त्या डोक्याची ह्या गावानं काय किंमत केली?” लोकांनी माना खाली घातल्या. मला चढत गेली. त्या डोक्याला मी महाराष्ट्रात पहिलं बसवलं, मग देशात. शेवटी त्याचा पुतळा स्टेशनसमोर उभारावा अशी मागणी केली, तिला टाळ्या पडल्या. पुतळ्याचं नाक कसं असावं, हे सांगायचा मोह तेवढा आवरला.

खाली येऊन बसलो तर सुनंदा तोंडाला पदर लावून हलत होती. लोकांना वाटलं रडतेय. “सोताच्या पुतळ्याला हार घालून आलात व्हय?” ती पदरातून म्हणाली.

तेवढ्यात सरांच्या पत्नी उठून आल्या. माझे दोन्ही हात हातात घेतले.

“भाऊजी, हे ते असताना बोलायला पायजे होतं तुमी. शेवटी शेवटी लय काढायचे तुमची आठवण. म्हणायचे, समद्या गावाला आवडलं, एका प्रभाकरला माझं काम कधी आवडलं न्हाई.”

माझं काम! आपण नाही, आम्हीसुद्धा नाही. म्हाताऱ्यानं अंथरुणावर पडल्या पडल्या ‘आम्ही’चं ‘माझं’ करून टाकलं होतं, आणि ते मनापासून खरं मानून गेला होता. पहिल्यांदा नाव चोरलं, मग सूड चोरला, आणि जाता जाता चोरी केल्याची आठवणसुद्धा बरोबर घेऊन गेला, माझ्या हाती धरायला काही म्हणून ठेवलं नाही. माझ्या कानशिलात जाळ झाला. सुनंदानं मागून माझा शर्ट घट्ट धरला.

“आवडलं होतं की, वहिनी,” मी म्हणालो. “पहिली रेघ वळली तेव्हाच आवडलं होतं. खोलीचं दार लावून घेतलं होतं त्या दिवशी. रडू आलं होतं.”

वहिनींचे डोळे भरले. “रडले होते? हे? मला कधी सांगितलं न्हाई त्यांनी.”

“कसं सांगतील,” मी म्हणालो.